पोत कळतो शेजारावरून

साडी बघायला आलेली बाई आधी रंग बघते, मग किंमत विचारते आणि शेवटी पदराचं टोक चिमटीत धरून अंगठ्याने हलकेच चोळून बघते. त्या चिमटीत तिला जे कळतं त्याला आपण पोत म्हणतो. तोच शब्द शेतकरी जमिनीला लावतो. ढेकूळ हातात चुरून, थोडं पाणी घालून, बोटांत मळून तो सांगतो, ही जमीन भारी, ही मुरमाड, ही पोयट्याची. कापड आणि जमीन इतकी वेगळी, तरी मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: हे बारीक धागे, हे बारीक कण एकमेकांशेजारी कसे बसले आहेत?

आता तीच साडी आणि तीच जमीन फोटोत बघा. हात लावता येत नाही, तरी घोंगडी टोचणार आणि मलमल मऊ लागणार हे डोळ्यांनाच कळतं. संगणकाला मात्र ना बोटं, ना डोळे. त्याच्यापुढे असतो फक्त आकड्यांचा तक्ता. तरीही न्यूरल नेटवर्क नावाची गणिती रचना आज कापडातला तुटलेला धागा, सीटी स्कॅनमध्ये मधाच्या पोळ्यासारखा झालेला फुप्फुसाचा भाग किंवा उपग्रहाने टिपलेली फळबाग पोतावरून ओळखते. हे कसं घडतं आणि ती कुठे फसते, या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घ्यायला हव्यात. तिची ताकद आणि तिची चूक एकाच मुळातून आलेली आहे.

एका ठिपक्याला पोत नसतो

मोबाइलवर घोंगडीचा फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करत जा. आधी लोकरीचे केस दिसतील, मग धूसर पट्टे, आणि शेवटी एकाच रंगाचे डाग उरतील. लोकर कधी नाहीशी झाली ते कळणारही नाही. डिजिटल चित्र म्हणजे अशा बारीक चौकोनांची, पिक्सेलची, मांडणी. काळ्यापांढऱ्या चित्रात सहसा प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांतला एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा, एका पिक्सेलचा आकडा १४३ आहे. तो लोकरीचा, दगडाचा की तांदळाचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. पोत त्या पिक्सेलमध्ये नसतोच. तो त्याच्या शेजारात असतो.

चौकटीच्या वहीत हे करून बघता येतं. चार बाय चार चौकटींचे तीन तुकडे आखा. पहिल्यात एकाआड एक उभे रकाने काळे करा. दुसऱ्यात एकाआड एक आडव्या ओळी काळ्या करा. तिसऱ्यात बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी चौकट भरा. तिन्हींत आठ घरं काळी आणि आठ पांढरी. सरासरी उजेड मोजला तर तिन्ही तुकडे सारखेच. डोळ्याला मात्र ते क्षणात वेगळे दिसतात.

आता घरं मोजण्याऐवजी जोड्या मोजा. प्रत्येक ओळीत डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांच्या तीन जोड्या, म्हणजे एकूण बारा. उभ्या पट्ट्यांत या बाराही जोड्या वेगवेगळ्या रंगांच्या, आडव्या पट्ट्यांत बाराही एकाच रंगाच्या. बुद्धिबळाचा पट पुन्हा बारा वेगळ्या जोड्या दाखवतो, म्हणून तो उभ्या पट्ट्यांशी गल्लत करील. मग वर-खालचे शेजारी मोजा. उभ्या पट्ट्यांत बाराही जोड्या सारख्या निघतात, पटात बाराही वेगळ्या. गल्लत संपली. काळा ताणा आणि पांढरा बाणा घेऊन साधी वीण विणली तर कापडावर हाच पट उमटतो. विणकराने धागे आडवे-उभे कसे घातले, हे आपण नुसत्या जोड्या मोजून ओळखलं.

रॉबर्ट हॅरालिक, के. षण्मुगम आणि इट्सहाक डिनस्टीन यांनी १९७३ साली हीच मोजणी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. कोणत्या छटेशेजारी कोणती छटा किती वेळा येते याचा तक्ता करायचा आणि त्यातून खडबडीतपणा, एकसारखेपणा, उठाव असे १४ गुण काढायचे. वालुकाश्मांचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो, विमानातून घेतलेले फोटो आणि उपग्रहाची चित्रं, अशा तीन ठिकाणी त्यांनी ही पद्धत लावली. अचूकता अनुक्रमे ८९, ८२ आणि ८३ टक्के आली. पन्नास वर्षं उलटली तरी ती पद्धत अजून वापरात आहे.

त्याही आधी, १९६६ साली, फिल ब्रोडाट्झ नावाच्या छायाचित्रकाराने पोतांचा एक अल्बम काढला होता. गवत, विटा, लाकूड, कापड, वाळू, कातडं अशी ११२ छायाचित्रं त्यात होती. पुस्तक चित्रकारांसाठी आणि नक्षीकारांसाठी होतं. पण संगणकवाल्यांना तपासणीसाठी नेमकं असंच काही हवं होतं. पुढची कितीतरी वर्षं पोत ओळखण्याची नवी युक्ती सुचली की आधी या अल्बमवर पारखून घ्यायची, असा रिवाजच पडला.

खिडकी सरकवत नेणं

जोड्या मोजण्याच्या पुढची पायरी म्हणजे फिल्टर. तीन बाय तीन घरांची एक छोटी खिडकी घ्या. तिच्या डाव्या रकान्यात उणे एक, मधल्यात शून्य आणि उजव्यात अधिक एक असे आकडे लिहा. ही खिडकी चित्रावर ठेवायची, खालच्या पिक्सेलचे आकडे खिडकीतल्या आकड्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. खाली सपाट भिंत असेल, सगळीकडे १२०, तर डावी बाजू उजवीला खाऊन टाकते आणि उत्तर शून्य येतं. खाली कडा असेल, डावीकडे ५० आणि उजवीकडे २००, तर उत्तर येतं ४५०. म्हणजे ही खिडकी एकच प्रश्न विचारते: इथे डावीकडून उजवीकडे उजेड वाढतो का? ती एकेक घर सरकवत साऱ्या चित्रावर फिरवली की या प्रश्नाच्या उत्तरांचा एक नवा नकाशा तयार होतो.

पण हीच खिडकी आपल्या मघाच्या उभ्या पट्ट्यांवर ठेवून बघा. एकाआड एक रकाना काळा, म्हणजे खिडकीचा डावा आणि उजवा रकाना नेहमी एकाच रंगावर पडणार. इतक्या ठळक रेघा असूनही उत्तर शून्य. कारण या खिडकीची चाल आणि त्या रेघांची चाल जुळत नाही. एका खिडकीने भागत नाही, ते यामुळे. उभ्यासाठी एक, आडव्यासाठी एक, तिरक्यासाठी एक, शिवाय दाट रेघांसाठी आणि विरळ रेघांसाठी वेगळ्या, अशा खिडक्यांचा ताफा लागतो.

आपल्या मेंदूतही असाच ताफा आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांना १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांजरीच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या ठरावीक कलाची रेघ डोळ्यापुढे आली तरच चेततात. पुढे १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. या पेशींच्या वागण्याशी जुळणारं गणित डेनिस गॅबोर यांच्या १९४६च्या कामातून आलं, म्हणून अशा खिडक्यांना गॅबोर फिल्टर म्हणतात.

आपल्यापैकी बहुतेकांचा एक पोत अशा पद्धतीने यंत्रांनी टिपलेला आहे. आधार कार्डासाठी डोळ्यांचे फोटो काढले जातात ते बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा पोत टिपण्यासाठी. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत या कड्यावर गॅबोर फिल्टर फिरवून २०४८ बिटांची खूण काढतात. जगभरच्या बुबुळ-ओळखीचा पाया ही पद्धत आहे.

खिडक्या आखल्या कुणी?

आतापर्यंतच्या सगळ्या खिडक्या माणसांनी विचार करून आखलेल्या होत्या. न्यूरल नेटवर्कने बदललं ते हेच. त्यातही खिडक्याच असतात, पण सुरुवातीला त्यांतले आकडे वाटेल तसे भरलेले असतात. मग नेटवर्कला एक चित्र दाखवायचं आणि उत्तर मागायचं. उत्तर अर्थातच चुकतं. किती चुकलं ते मोजायचं, आणि त्या चुकीत कोणत्या आकड्याचा किती वाटा होता याचा हिशेब शेवटच्या थरापासून पहिल्यापर्यंत मागे मागे करत आणायचा. प्रत्येक आकडा त्याच्या वाट्यापुरता किंचित बदलायचा. मग पुढचं चित्र. डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या १९८६च्या लेखाने ही पद्धत सर्वतोमुखी केली. १९८९ साली यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये सरकत्या खिडक्यांच्या नेटवर्कला हस्ताक्षरातले आकडे वाचायला शिकवलं.

पुढची मोठी उडी २०१२ सालची. टोरांटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्सकेव्हर आणि हिंटन यांच्या नेटवर्कने सुमारे १२ लाख चित्रं बघून १००० प्रकारच्या वस्तू ओळखायला शिकून घेतलं. स्पर्धेत त्याचं चुकण्याचं प्रमाण १५.३ टक्के होतं, दुसऱ्या क्रमांकाचं २६.२ टक्के. या निकालाची चर्चा खूप झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती त्या नेटवर्कच्या पहिल्या थराची तपासणी. तिथे ११ बाय ११ पिक्सेलच्या ९६ खिडक्या होत्या. शिकणं संपल्यावर त्या उघडून बघितल्या, तर त्यांत निरनिराळ्या कलांच्या, कमी-जास्त दाटीच्या रेघा आणि रंगांचे डाग उमटले होते. कुणी आखून न देता गॅबोर फिल्टरसारख्या खिडक्या आपोआप तयार झाल्या होत्या. मांजरीचा मेंदू, गणिताची वही आणि लाखो फोटो बघितलेलं यंत्र तीन वाटांनी एकाच ठिकाणी आले.

पहिल्या थराच्या वर पुढचे थर असतात. पहिला थर रेघा बघतो, दुसरा त्या रेघांचा शेजार बघतो, तिसरा त्या शेजारांचा शेजार. रेघेवर रेघ आडवी आली की चौकडा, चौकड्यात ठरावीक वळण आलं की वीण, असं करत वरच्या थरांना जाळी, खवले, केस, फांद्या कळू लागतात.

जागा विसरा, जोडी लक्षात ठेवा

पोत ओळखताना आणखी एक गोष्ट करावी लागते: जागा विसरणं. नदीकाठच्या गोट्यांच्या फोटोत एक गोटा डावीकडचा उजवीकडे नेला तरी पोत तोच राहतो. चेहऱ्यात नाक आणि कान यांची अदलाबदल केली तर चेहरा राहत नाही. म्हणून पोतासाठी प्रत्येक खिडकीच्या उत्तरांची साऱ्या चित्रभर सरासरी घेतात. कुठे काय होतं ते सोडून द्यायचं, कशाबरोबर काय किती वेळा आलं तेवढं ठेवायचं.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे लिऑन गॅटिस, अलेक्झांडर एकर आणि माथियास बेथगे यांनी २०१५ साली ही कल्पना उलटी फिरवून दाखवली. ऑक्सफर्डच्या एका तयार नेटवर्कच्या पहिल्या थरात ६४ खिडक्या होत्या. त्यांतल्या कोणत्याही दोन खिडक्या किती वेळा एकत्र ‘हो’ म्हणतात याचा ६४ बाय ६४ चा तक्ता त्यांनी केला. वरच्या थरांचेही असेच तक्ते केले. मग वाळूच्या दाण्यांसारखं निव्वळ विस्कळीत चित्र घेतलं आणि त्याचे तक्ते गोट्यांच्या तक्त्यांशी जुळेपर्यंत पिक्सेल थोडे थोडे बदलत नेले. शेवटी पडद्यावर गोटे उमटले. मूळ फोटोची नक्कल नव्हती ती, पण बघणाऱ्याला वाटावं की त्याच नदीकाठचा दुसरा फोटो आहे. जोड्यांचा हिशेब पुरेसा बारकाईने ठेवला की पोत त्यात जवळजवळ पुरता येतो, याचा हा पुरावा.

हा प्रश्न खरं तर जुना. हंगेरीतून अमेरिकेत गेलेले बेला युलेझ यांनी १९६२ साली, बेल लॅब्जमध्येच असताना, तो विचारला होता. दोन पोतांमधल्या ठिपक्यांच्या जोड्यांचा हिशेब तंतोतंत सारखा असेल, तर माणसाला एका नजरेत ते वेगळे कळतील का? नाही कळणार, असा त्यांचा अंदाज होता. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच याला अपवाद शोधून काढले आणि १९८१ साली युलेझ यांनी नवी मांडणी केली: आपली नजर नुसते ठिपके मोजत नाही, ती छोट्या रेघा, त्यांची टोकं, त्यांचे छेद असे घटक मोजते. नेटवर्कच्या खिडक्या बघताना ही मांडणी आठवल्याशिवाय राहत नाही. तक्ता जोड्यांचाच, पण जोड्या ठिपक्यांच्या नव्हेत, तर आकृतींच्या.

अंतर, उजेड आणि शब्द

पोत ओळखणारं यंत्र वापरायचं तर तीन गोष्टींचं भान लागतं.

पहिली गोष्ट अंतर. कोकणात आंब्याची कलमं पारंपरिक पद्धतीने साधारण १० मीटर अंतरावर लावतात. वरून बघितलं तर ती रांगेत मांडलेल्या गोल ठिपक्यांसारखी दिसतात, आणि हाच त्या बागेचा पोत. पण युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल सर्वांत बारीक असला तरी १० मीटरचा असतो. एक अख्खं कलम एका चौकोनात गडप होतं आणि ठिपक्यांची रांग उरतच नाही. तीच बाग १ मीटरच्या पिक्सेलने टिपली तर त्याच जागेत १०० पिक्सेल मिळतात आणि बाग शेजारच्या जंगलापासून सुटी दिसते. घोंगडीचा फोटो मोठा करताना लोकर नाहीशी झाली होती. इथे फार दूर गेल्यामुळे बाग नाहीशी होते.

दुसरी गोष्ट उजेड. दुकानात साडी दाराशी नेऊन तिरप्या उजेडात बघायची पद्धत आहे, आणि ती अगदी योग्य आहे. समोरून झगझगीत दिवा पडला की खडबडीत भिंतही सपाट दिसते. कोलंबिया आणि युट्रेक्ट विद्यापीठांच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात ६१ पदार्थांचे नमुने घेतले आणि प्रत्येकाचे उजेडाची व नजरेची दिशा बदलत २०५ फोटो काढले. एकाच नमुन्याचे दोन फोटो दोन पदार्थांचे वाटावेत इतके वेगळे आले. म्हणून गिरणीतल्या एका दिव्याखाली शिकवलेलं यंत्र दुसऱ्या दिव्याखाली नव्याने पारखावं लागतं.

तिसरी गोष्ट शब्द. २०१४ साली पोतांच्या नावांचा एक मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ४७ इंग्रजी शब्द आहेत आणि प्रत्येकाची १२० चित्रं, एकूण ५६४०. पट्ट्यापट्ट्यांचं, ठिपक्यांचं, भेगाळलेलं, सुरकुतलेलं, विणलेलं, खवल्यांचं, अगदी कोयरीचंसुद्धा. त्याच यादीत ‘वॅफलसारखं’ हाही एक पोत आहे. ज्या घरात वॅफल भाजलं जातं त्या घराला तो शब्द सुचणारच. हीच यादी मराठी घरात बसून केली तर अनारशाची जाळी येईल, तुपाचा रवाळपणा येईल, ओल्या फरशीचं शेवाळं येईल. नेटवर्कला पोत दाखवता येतो, पण कोणत्या फरकाला नाव द्यायचं हे माणूसच ठरवतो. म्हणून अशा याद्या अनेक भाषांत व्हायला हव्यात, आणि पोताला इतके शब्द असलेल्या आपल्या भाषेने त्यात मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मांजर की हत्ती?

आता सुरुवातीला म्हटलेल्या चुकीकडे येऊ. ट्यूबिंगेनच्याच रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली मांडलेला एक प्रयोग या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग आहे. त्यांनी मांजराचा फोटो घेतला आणि आकार तसाच ठेवून त्यावर हत्तीच्या सुरकुतलेल्या कातडीचा पोत चढवला. कान टोकदार, पाय बारीक, अंगाची ढब मांजराची. माणसांना विचारलं तर ती मांजर म्हणतात. नेटवर्क म्हणालं, भारतीय हत्ती, आणि तेही जवळपास ६४ टक्के खात्रीने.

असं का झालं, हे आतापर्यंतच्या हिशेबातून कळतं. नेटवर्क चित्राकडे छोट्या खिडक्यांतून बघतं. हत्तीच्या फोटोत सोंडेचा बाक एकाच ठिकाणी असतो, पण कातडी अंगभर असते. कुठलाही लहानसा तुकडा उचलला तरी तो ‘हत्ती’ सांगतो. शिकताना जे उत्तर स्वस्तात मिळतं, तेच नेटवर्क धरून ठेवतं. विलंड ब्रेंडेल आणि बेथगे यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. चित्राचे ३३ बाय ३३ पिक्सेलचे तुकडे सुटे सुटे बघून, ते कुठे होते हे पूर्ण विसरून, नुसती त्यांच्या मतांची बेरीज केली तरी १००० वस्तूंची ओळख बऱ्यापैकी जमते. याचा अर्थ असा की ज्याला आपण वस्तू ओळखणं समजत होतो, त्यातला मोठा भाग पोत ओळखणं होता.

गाइरहोस यांच्या गटाने उपायही करून बघितला. शिकवायची सगळी चित्रं निरनिराळ्या चित्रशैलींत पुन्हा रंगवून घेतली, म्हणजे हत्ती कधी तैलरंगाच्या फटकाऱ्यांचा, कधी ठिपक्यांचा. पोतावर भरवसा ठेवण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा तेच नेटवर्क आकार बघायला शिकलं, आणि चित्र खराब असलं तरी बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा कमी चुकू लागलं.

यावरून एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. कापडातला दोष, लाकडाची जात, जमिनीचा प्रकार अशा जिथे पोत हेच उत्तर आहे, तिथे नेटवर्क कसबी माणसाच्या बरोबरीने उभं राहू शकतं. जिथे पोत हा फक्त पुरावा आहे आणि उत्तर आकारात किंवा रचनेत आहे, तिथे त्याचं मत घ्यावं, पण त्याला विचारावं: कोणत्या अंतरावरून बघितलंस, कोणत्या उजेडात, आणि शिकताना काय काय बघितलं होतंस? विशेषतः रोगाचं निदान त्याच्यावर सोपवताना हे प्रश्न विचारायलाच हवेत.

साडी घेणारी बाई हे नकळत करते. चिमटीत पोत कळल्यावर ती तिथेच थांबत नाही. दुकानदाराला म्हणते, जरा उलगडून दाखवा. मग गादीवर सहावार पसरतं, काठ दिसतो, पदर दिसतो, बुट्टे कुठून सुरू होऊन कुठे संपतात ते दिसतं. चिमूट तिला शेजार सांगते आणि उलगडलेली घडी तिला साडी दाखवते. यंत्राला चिमूट साधली आहे. उलगडून बघणं त्याला अजून शिकवायचं आहे.